स्टेक सहा मिनिटांत होतो, मग आपलं मटण का नाही?

आखाडी दोन दिवसांवर आली होती. पुतण्या पुण्याहून आला आणि ओसरीवर बसून आजीला, म्हणजे माझ्या आईला, मोबाइलमधला व्हिडिओ दाखवू लागला. कंपनीतल्या पोरांसोबत तो स्टेक खायला गेला होता. पांढरी थाळी, त्यात पंजाएवढा मांसाचा एकच तुकडा, वरून काळसर, सुरी घातली की आतून गुलाबी. बाजूला चार उकडलेल्या शेंगा आणि आलूचा गोळा. रस्सा नाही, भाकर नाही.

"शिजाले किती वेळ लागला?" आजीचा पहिला प्रश्न.

"तीन मिनिटं या बाजूनं, तीन त्या बाजूनं."

"अन् पैसे?"

"बाराशे."

आई जरा वेळ गप्प राहिली. "बाराशेत तं दीड किलो मटन येते रे बावा. अन् तू कच्चंच खाऊन आला?"

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याची ही शिक्षा. कुकरच्या शिट्टीपासून चांद्रयानापर्यंत सगळे प्रश्न माझ्याच ओसरीवर येतात. पण आईचा प्रश्न साधा नाही. तेच मांस एके ठिकाणी सहा मिनिटांत खाण्याजोगं होतं आणि आपल्या चुलीवर दीड-दोन तास रटरटावं लागतं. यात कोण फसवतंय?

कोणीच नाही. पण ते समजायला थोडं मांसाच्या आत शिरावं लागेल.

स्टेक म्हणजे नेमकं काय

स्टेक हे मसाल्याचं किंवा कृतीचं नाव नाही, कापण्याचं आहे. जनावराच्या ठरावीक भागाचा, धाग्यांना आडवा कापलेला, दीड-दोन बोटं जाडीचा काप म्हणजे स्टेक. परदेशात तो बहुतेक गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे इथल्या हॉटेलांत या नावाखाली बहुधा म्हशी-रेड्याचं मांस, नाहीतर कोंबडी किंवा मासा येतो. त्या वादात मी शिरत नाही. माझा विषय आपलं बकऱ्याचं मटण आहे, कारण गावात तेच मिळतं आणि नियम सगळ्या मांसाला एकच लागू पडतो.

तुराट्यांची पेंढी

त्याच संध्याकाळी पुतण्याने घरी स्टेक करायचं ठरवलं. हिश्शात आलेला रानाचा, म्हणजे मांडीचा, एक जाडसर तुकडा घेतला, तवा तापवला, व्हिडिओत दाखवलं तसं तीन-तीन मिनिटं भाजलं. रंग झकास आला. दात मात्र आत शिरेना. सायकलची ट्यूब चावल्यासारखं झालं. शेवटी तो तुकडा कुत्र्याने खाल्ला, तोही बराच वेळ लावून.

तुरीच्या तुराट्यांची पेंढी डोळ्यापुढे आणा. मांस म्हणजे अशा हजारो बारीक काड्यांची पेंढी, आणि ती ठिकठिकाणी दोरीने आवळलेली. काड्या म्हणजे स्नायूंचे धागे. दोरी म्हणजे कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन. धागे तसे मऊच असतात, दाताला झगडायला लावते ती दोरी.

आता दोरी कुठे जास्त? जिथे काम जास्त. बकरी दिवसभर बांधावरून चरत फिरते, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीची फांदी ओढते, मान खालीवर करते. म्हणून रान, दस्त (पुढचा पाय), मान, नळी या भागांत दोरी घट्ट. जनावर म्हातारं झालं की तीच दोरी आणखी पक्की होते, म्हणून जुन्या बोकडाला जास्त शिट्ट्या लागतात. उलट पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस फारसं राबत नाही. कण्याच्या आतून, गुर्द्यांजवळून जाणारी लांबट वादी तर जवळपास निवांतच पडून असते. तिला हॉटेलवाले टेंडरलॉइन म्हणतात. दोरी जवळजवळ नाहीच, म्हणून ती सहा मिनिटांत होते.

म्हैसवर्गातल्या जनावरात ही वादी काही किलोंची भरते. आपल्या दहा-बारा किलो मटणाच्या बकऱ्यात ती तळहातावर मावते. आणि आपण बकरा विकत घेतो कसा? दहा घरं मिळून. कापलं की खाटीक हिस्से पाडतो, आणि प्रत्येक हिश्शात थोडं रान, थोडी चाप, बरगडी, एखादी नळी, कलेजीचा तुकडा. कोणावर अन्याय नको म्हणून सगळं सारखं मिसळलेलं. वाटणी म्हणून ही पद्धत मला फार आवडते. पण अशा हिश्शात मऊ आणि चिवट तुकडे एकत्र येतात. चिवटाला मऊ करील आणि मऊ तुकड्यालाही बिघडवणार नाही अशी एकच कृती उरते, ती म्हणजे रस्सा. स्टेक ही भाग निवडून विकत घेणाऱ्यांची कृती आहे, रस्सा ही वाटून खाणाऱ्यांची.

मधल्या वेळेचा सापळा

मांस तापलं की आत एकाच वेळी दोन गोष्टी होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट्या असतात.

पहिली, धागे आखडतात. साधारण ५० अंश सेल्सिअसपासून ते सुरू होतं, आणि ६०-६५ च्या पुढे धागे ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर टाकू लागतात. सत्तरच्या वर मांस कोरडं आणि घट्ट. ही गोष्ट झटपट घडते, मिनिटांचं काम.

दुसरी, दोरी विरघळते. कोलॅजनचं जिलेटिन होतं, म्हणजे पायाच्या सुपात बोटं चिकटवणारा तो बुळबुळीत पदार्थ. ही क्रियाही साठच्या आसपास सुरू होते, पण कासवाच्या चालीने. जोर धरते ती ८०-९० च्या पुढे, आणि तिथेही तास-दोन तास मागते.

यातून वाटा दोनच निघतात. दोरी नसलेला तुकडा असेल तर धागे पिळले जाण्याआधीच, म्हणजे ५५-६० अंशांनाच, उतरवून घ्या. हा झाला स्टेक. दोरीवाला तुकडा असेल तर धागे पिळले गेले तरी फिकीर करू नका, दोरी विरघळेपर्यंत थांबा. काड्या सुट्या होतात, वितळलेलं जिलेटिन त्यांना वेढून घेतं आणि कोरडं झालेलं मांसही जिभेला ओलं लागतं. हे झालं आपलं मटण.

या दोन वाटांच्या मध्ये जो अडकला तो गेला. वीस-पंचवीस मिनिटं शिजलेलं मटण कच्च्यापेक्षाही चिवट लागतं, कारण धागे पिळले गेलेत आणि दोरी तशीच आहे. पाहुणे दारात आणि मटण "अजून दोन शिट्ट्या मागते" म्हणून घरातल्या बाईचा जीव टांगणीला लागतो, ती हीच वेळ. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून दोरी लवकर सुटते. पुतण्याचा रानाचा तुकडाही याच सापळ्यात सापडला होता.

आतला लाल रस रक्त नसतो

आईचा हा आक्षेप सगळ्यांचाच असतो. पण रक्त कापतानाच बहुतेक वाहून जातं. थाळीत दिसतं ते पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणारं लाल प्रथिन. ते तापलं की गुलाबी होतं, मग तपकिरी. म्हणून रंगावरून मांस कितपत तापलं याचा अंदाज येतो.

रक्त नाही म्हणून बकऱ्याचं मटणही गुलाबी खावं का? नाही. त्याकडे नंतर येतो.

भाकरीवरचे डाग आणि काळा मसाला

स्टेकची अर्धी चव त्याच्या काळसर कडेत असते. मांसातली प्रथिनं आणि साखर साधारण १४० अंशांच्या वर एकत्र येऊन शेकडो नवे वास तयार करतात. लुई कामीय मायलार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली, म्हणून तिला मायलार क्रिया म्हणतात. नाव परकं, गोष्ट रोजचीच. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेले शेंगदाणे, तेलात लालसर झालेला कांदा, सगळीकडे तीच.

पण तिची एक अट आहे: पाणी नको. पाणी १०० अंशांना उकळतं आणि ते असेपर्यंत तापमान त्याच्यावर सरकत नाही. ओलं मांस तव्यावर टाकलं की आधी ते स्वतःच्या पाण्यात उकडतं आणि राखी रंगाचं होतं. म्हणून स्टेक करणारे मांस फडक्याने टिपून कोरडं करतात आणि तवा धूर निघेपर्यंत तापवतात.

मग रश्श्यात ही चव येते कुठून? तिथे तर मटण पाण्यातच बुडलेलं. उत्तर नागपूरच्या सावजी रश्श्यात आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेली ही पद्धत. तिथे मांस काळं करत नाहीत, मसाला काळा करतात. कांदा, खोबरं, खसखस, दगडफूल, खडे मसाले तेलात चांगले भाजून मग वाटतात. म्हणजे जी भाजणी स्टेकवाला मांसाच्या कडेवर करतो ती सावजीवाला मांस भांड्यात पडण्याआधीच मसाल्यावर उरकून घेतो. मग पाणी पडलं तरी वास तयारच असतो. मला विचाराल तर दोन्हींत ही जास्त हुशार युक्ती, पण मी पक्षपाती माणूस आहे.

"जोरात भाजलं की आतला रस बंद होतो" हे मात्र खरं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनतज्ज्ञ लीबिग यांनी ते मांडलं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात चालत आलंय. पण तव्यावरची ती चर्रचर्र कशाची? बाहेर पडणाऱ्या पाण्याचीच. रस बंद झाला असता तर तवा मुका झाला असता. जोराची भाजणी चवीसाठी असते, रसासाठी नाही.

मग हॉटेलवाला बाराशे कशाचे घेतो

भाडं, वातानुकूलन, टायवाला वाढपी, हे तर झालंच. त्यापलीकडे तीन गोष्टी असतात आणि त्यांना मी फसवणूक म्हणणार नाही.

एक, निवडलेला भाग. तो का कमी असतो ते पाहिलंच.

दुसरी म्हणजे वेळ, आणि इथे आपली खेड्यातली समजूत पार उलटी आहे. आपल्याला ताजं मटण लागतं. सकाळी सहाला कापलं, आठला घरी, दहाला चुलीवर. पण जनावर गेल्यावर काही तासांत स्नायू आखडून लाकडासारखे होतात, कारण स्नायूला सैल व्हायलाही ऊर्जा लागते आणि ती संपलेली असते. ही ताठी उतरायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो. पुढे मांसातलीच एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं, धागे हळूहळू सैल करतात. चांगली स्टेक हॉटेलं मांस १ ते ४ अंशांच्या थंड खोलीत तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, टांगून ठेवतात. पाणी उडून वजन घटतं, वरची वाळलेली साल कापून टाकावी लागते. त्या घटीचे पैसे गिऱ्हाईकच देतं.

म्हणजे आपण बरेचदा मांस नेमकं ताठलेलं असताना शिजवतो. रश्श्यात ते खपून जातं, दोन तासांच्या आंचेपुढे ताठीचं काही चालत नाही. भाजायचं असेल तर मात्र एक रात्र फ्रीजमध्ये ठेवलेलं मटण स्पष्ट मऊ लागतं. आणलेलं गरम मटण लगेच बर्फाच्या कप्प्यात मात्र टाकू नका. ताठी येण्याआधीच एकदम गार पडलं तर धागे आणखी आखडतात. खालच्या कप्प्यात झाकून ठेवावं. मे महिन्याच्या आपल्या उन्हात बाहेर ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये, आणि आठवडे-आठवडे टांगण्याचा तर मुळीच नाही. पावसाळ्यात आमच्या फिडरची लाइट रात्रीतून चारदा जाते.

तिसरी, आग. मोठ्या स्टेक हॉटेलांत वरून आग फेकणाऱ्या भट्ट्या असतात, त्यांचा ताप घरच्या गॅसच्या कितीतरी पट. पातळ नॉनस्टिक तव्यावर मांस टाकलं की तवाच गार पडतो, आणि असा तवा रिकामा फार तापवणं चांगलंही नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये खरी अडचण ही आहे. गावात ती नाही. बाभळीच्या लाकडाचे निखारे आणि भाकरीचा जाड लोखंडी तवा ज्याच्या अंगणात आहे त्याला भट्टीवाल्याचा हेवा करायचं कारण नाही.

चुलीवरून आठवलं. हमरस्त्यावर आता दर दोन किलोमीटरला "चुलीवरचं मटण" अशी पाटी दिसते. झाकण घातलेल्या भांड्यातल्या रश्श्याला लाकडाचा धूर कितीसा लागणार? चुलीचा गुण धुरात कमी आणि संथ आंचेत जास्त. तीच आंच गॅसवर बारीक ज्योतीत मिळते, फक्त तेवढा वेळ सिलिंडर जाळायची कोणाची तयारी नसते. भाकरीचं वेगळं, ती थेट निखाऱ्यावर फुगते. पाटी लावायची तर "चुलीवरची भाकर" लावावी.

घरी करायचं तर चाप घ्या

दुसऱ्या खेपेला आम्ही हिस्सा घेतला नाही. खाटकाकडून कोवळ्या बकऱ्याची पाठीची चाप घेतली, एकेक हाडाची पातळ नाही तर दोन हाडं मिळून जाड. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. भाजण्याआधी पाऊण तास मीठ चोळून ठेवलं. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारट पाणी मांस पुन्हा आत ओढतं. दहा मिनिटांतच तव्यावर टाकलं तर ते पाणी वरच राहतं आणि मांस उकडतं, म्हणून एकतर पाऊण तास थांबा नाहीतर अगदी तव्यावर टाकतानाच मीठ लावा. नंतर फडक्याने टिपलं, तेलाचं बोट फिरवलं, आणि निखाऱ्यावरच्या लोखंडी तव्यावर टाकलं. एकदाच उलटायचं हा नियम विसरा. दर अर्ध्या मिनिटाने उलटलं तर उलट आतपर्यंत सारखं शिजतं. चापेच्या कडेची चरबी उभी धरून वितळवली. उतरवल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवली, त्या वेळात आतला रस जरा दाट होतो आणि कापताना वाहून जात नाही.

मसाला? मीठ, भरडलेले मिरे, शेवटी लसूण. पुतण्याला भिवापुरी मिरची लावायची होती. मी म्हटलं, एवढ्या तापलेल्या तव्यावर मिरची पूड करपेल आणि गल्लीभर ठसका लागेल. वरून भुरभुरली.

कच्ची पपई लावावी का, असं बरेच जण विचारतात. पपईतलं पपेन धागे आणि दोरी दोन्ही तोडतं, पण त्याला थांबायचं कळत नाही. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो. रानाच्या तुकड्याला चमचाभर कीस, अर्धा-पाऊण तास, एवढं पुरे. चापेला गरजच नाही.

आता तो गुलाबी रंगाचा प्रश्न. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि ते तव्यावर मरतात, या हिशेबावर परदेशातले लोक आतून गुलाबी मांस खातात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्लाही अखंड तुकड्याला ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा, खिम्याला मात्र ७१ अंश असा आहे, कारण खिम्यात बाहेरचं आत मिसळतं. पण तो हिशेब तपासणी झालेल्या, थंड साखळीतून आलेल्या मांसाचा. आपला बकरा लिंबाच्या झाडाखाली कापलेला. शिवाय शेळ्या-मेंढ्यांच्या मांसात टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी थेट स्नायूच्या आतच असू शकतात, आणि गरोदर बाईच्या बाळाला त्यांचा मोठा धोका असतो. म्हणून बकऱ्याची चाप आतून तपकिरी होईपर्यंतच भाजा. चापेत चरबी असते, सत्तरच्या वर गेली तरी ती रानासारखी कोरडी पडत नाही. हॉटेलची नक्कल तिथपर्यंतच करावी.

पैशाचं म्हणाल तर चौघांच्या चापा मिळून पुण्याच्या एका थाळीच्या आत बसल्या. सरपण घरचं, मेहनत पुतण्याची.

आईने एक चाप खाल्ली. हाड चोखून ठेवलं आणि म्हणाली, "चांगली हाये. पन भाकर कशात मुरवू?" त्यामुळे संध्याकाळी मटणाचा रस्सा झालाच.

निघायच्या दिवशी पुतण्या पुन्हा खाटकाकडे गेला. मोबाइलवर चित्र दाखवून म्हणाला, "काका, कण्याच्या आतून जाते ना, ती वादी पायजे. दोन्ही बाजूची."

खाटकाने चित्राकडे नीट पाहिलं आणि हसला. "ते इकत नाई भाऊ. हिश्शात कोनाले समजत नाई ना. ते माह्या घरी जाते."